तेरा रात्रींचा हिशेब

२०२३ च्या भाऊबिजेला कोथरूडच्या आमच्या घरी युरोपच्या सहलीचा विषय पहिल्यांदा निघाला आणि जेवणे आटोपेपर्यंत कागदावर आठ शहरांची यादी तयार झाली. नवऱ्याला पॅरिस हवे होते, चौदा वर्षांच्या मुलीला बार्सिलोना आणि लिस्बन, मला पोर्तो, आणि आठ वर्षांच्या मुलाची एकच अट होती, की समुद्र हवा आणि तो एका दिवसापुरता नको. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी विचारले तेव्हा म्हणाल्या, "मला कुठेही चालेल गं, पण रोज उठून बॅग भरायला लावू नका." त्यांचे वय ७१, उजवा गुडघा दुखरा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्या अजूनही चढतात, मात्र मध्ये तीनदा बसून. पुढच्या सहा महिन्यांत आम्ही जे जे ठरवले आणि जे जे गाळले, त्याचे मूळ त्यांच्या या एका वाक्यात होते, म्हणून ते आधी लिहिले.

त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका सहल कंपनीत जाऊन आलो. त्यांचे वेळापत्रक नीट आखलेले होते, पण दहा दिवसांत चार देश आणि सहा हॉटेले होती. समुद्र होता तो बसच्या खिडकीतून. शिवाय परदेशी सहलीचे पॅकेज घेतले, की १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंतच्या रकमेवर ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे कंपनीमार्फत गोळा होणारा आगाऊ कर, आधीच भरावा लागत होता. तो पुढे आयकरात वळता होतो हे खरे, पण तोवर पैसे अडकून पडतात. आम्ही स्वतःच आखणी करायचे ठरवले. त्यासाठी कालनिर्णयाच्या धर्तीवर मे २०२४ चे एक मोठे पान हाताने आखून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावले आणि त्यात ठिकाणांऐवजी रात्री लिहायला सुरुवात केली. कुठे किती रात्री झोपायचे हे लिहू लागलो आणि आठ शहरांची यादी दोन दिवसांत तीन नावांवर आली. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यात बॅग भरणे, स्टेशन गाठणे, प्रवास आणि नवे घर शोधणे यांत अख्खा दिवस जातो, हे पानावर डोळ्यांना दिसत होते. एरवी नुसते बोलताना ते कधीच दिसत नाही.

देश पोर्तुगाल ठरला, त्याला सासूबाई कारण झाल्या. त्यांनी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. पोर्तुगालचे नाव निघताच त्यांनी वहीत शब्द लिहायला घेतले: पाव, बटाटा, चावी, पगार, बादली, घमेले, परात, काजू, पपई, तुरुंग. हे सारे पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले. आमच्या हापूसचे नावही पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकेर्कच्या नावावरून पडले असे सांगतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथली एक घंटा भीमाशंकरच्या देवळात आहे, हे मुलांनी पाहिलेले होते. ज्या लोकांशी आपले इतके जुने घेणेदेणे आहे, त्यांचे गाव एकदा पाहावे, असे त्या म्हणाल्या आणि पॅरिसचा विषय संपला. नवऱ्याने ते मनापासून मान्य केले, हेही सांगायला हवे.

आता प्रश्न उरला क्रमाचा. पोर्तो उत्तरेला, लिस्बन मध्ये आणि आल्गार्व्हचा किनारा अगदी दक्षिणेला. लिस्बनला उतरून लिस्बनहूनच परतायचे म्हटले, तर एकदा वर आणि एकदा खाली असे हेलपाटे होत होते, आणि एक रात्र केवळ विमानतळाजवळ काढावी लागत होती. तिकीट परतीचे म्हणजे ज्या गावी उतरलो तिथूनच परत, ही समजूत माझ्या डोक्यात इतकी पक्की होती, की आठवडाभर मी त्याच चौकटीत आकडेमोड करत राहिले. मुलीने 'मल्टिसिटी' हा पर्याय उघडून दाखवला तेव्हा गाठ सुटली. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे पोर्तोला उतरायचे, रेल्वेने दक्षिणेकडे सरकत जायचे आणि आल्गार्व्हमधल्या फारोच्या विमानतळावरून फ्रँकफर्टमार्गे परतायचे. साध्या परतीच्या तिकिटापेक्षा ते थोडेसेच महाग होते, आणि वाचलेल्या रेल्वेभाड्यात आणि एका रात्रीच्या मुक्कामात तो फरक भरून निघाला. पोर्तोत तीन रात्री, लिस्बनमध्ये पाच आणि समुद्रावर पाच, अशा तेरा रात्री झाल्या. समुद्र शेवटी ठेवला, कारण शहरांतली पायपीट झाल्यावर तिथे कुणालाच काही बघायचे नसेल, असा माझा अंदाज होता.

समुद्रकिनाऱ्यावरचे गाव निवडताना मात्र आमची चूक होता होता राहिली. सगळीकडे लागोस आणि त्याजवळच्या पोंता द पिएदादेच्या पिवळ्या कड्यांची छायाचित्रे असतात. ती पाहून आम्ही लागोसमधले घर जवळजवळ नक्की केले होते. नंतर लक्षात आले, की कड्यांखालच्या त्या सुंदर पुळणींवर उतरायला लांबलचक जिने आहेत. सासूबाई वर बसणार आणि आम्ही खाली, हे पाच दिवस कसे चालायचे? दुसरी गोष्ट पाण्याची. आम्ही दर वर्षी गुहागर-हर्णैला जातो आणि मे महिन्यातले कोकणचे कोमट पाणी हाच मुलाचा समुद्र. आल्गार्व्हला मे महिन्यात अटलांटिकचे पाणी १८ अंशांच्या आसपास असते, म्हणजे पुण्यात जानेवारीत बादलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यासारखे. त्यातल्या त्यात पूर्वेकडचा भाग पश्चिमेपेक्षा थोडा उबदार आणि बराच सपाट आहे. म्हणून नकाशावर पूर्वेला सरकत आम्ही ताविरापर्यंत आलो. जिलांव नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले छोटे गाव, समोर रिया फॉर्मोझाची खाडी आणि खाडीपलीकडे वाळूचे लांब बेट, जिथे होडीने जायचे. बाजूला मिठागरे आणि त्यांत रोहित पक्षी. भिगवणला रोहित पाहायला पहाटे चारला उठून जाणाऱ्या माणसांना याहून अधिक काय सांगायला हवे? पहिल्या दोन आठवड्यांच्या शोधात हे नाव आमच्यासमोर एकदाही आले नव्हते.

मुलाला मी आधीच नीट सांगितले, की पाणी गार असेल, पोहणे थोडे आणि वाळूतले खेळ जास्त असतील, आणि जिथे जीवरक्षक नसेल तिथे घोट्याच्या वर पाण्यात जायचे नाही. हिरवा, पिवळा आणि लाल या बावट्यांचे अर्थ त्याने पाठ केले. किनाऱ्यावरची ही व्यवस्था हंगामात असते आणि मेमध्ये ती सगळीकडे सुरू झालेली नसते, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण छायाचित्रांत ते दिसत नाही.

जानेवारीत कागदपत्रांना हात घातला आणि पहिल्याच दिवशी खोळंबा झाला. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो. आमची परत निघण्याची तारीख तेव्हा २० मे होती, म्हणजे २० ऑगस्टपर्यंतची वैधता हवी. मुलाचा पासपोर्ट १९ ऑगस्टला संपत होता. एक दिवस कमी. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो हे मला ठाऊक होते, पण मनात 'ऑगस्टमध्ये संपतो, आपण मेमध्ये जातो' एवढाच हिशेब होता. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरणाची वेळ घेतली, आम्हा दोघांच्या सह्यांचे परिशिष्ट जोडले आणि नवा पासपोर्ट आला. वेळ हाताशी होता म्हणून हे निभावले. हेच एप्रिलमध्ये कळले असते तर सहल तिथेच थांबली असती.

सासूबाईंचा पासपोर्ट पहिल्यांदाच काढायचा होता आणि तिथे आपल्या मराठी नावांची खरी अडचण पुढे आली. आधार कार्डावर त्यांचे नाव, सासऱ्यांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही होते, पॅन कार्डावर मधले नाव नव्हते, आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर त्यांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'आय'च्या जागी 'डबल ई' होता. पन्नास वर्षांपूर्वी लग्नानंतर नाव बदलले तेव्हा कुणीतरी लिपिकाने ज्या अक्षरांनी लिहिले, ती अक्षरे आता विमानाच्या तिकिटापर्यंत येऊन पोहोचतात. आधी पॅन कार्ड दुरुस्त करून घेतले, मग आधारनुसारच पासपोर्टचा अर्ज भरला. पतीचे नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात त्यांच्या नावाला जोडून जाते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकीट काढताना पासपोर्टावर आहे तसेच, एक अक्षर इकडचे तिकडे न करता लिहायचे, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवले. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदारांना त्यांनी चहा दिला आणि कुठे जाणार तेही सविस्तर सांगितले.

व्हिसा कोणत्या देशाचा घ्यायचा, याबद्दल ओळखीच्या चार जणांनी चार सल्ले दिले. फ्रँकफर्टला उतरणार म्हणून जर्मनीचा, असे दोघे म्हणाले. नियम असा आहे, की ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्याच देशाकडे अर्ज करायचा आणि मुक्काम सारखाच असेल तरच पहिल्या प्रवेशाचा देश पाहायचा. आमच्या तेराही रात्री पोर्तुगालच्या होत्या, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. पासपोर्टावर प्रवेशाचा शिक्का मात्र तेव्हा फ्रँकफर्टलाच बसणार होता, म्हणून तिथे दोन विमानांमध्ये मी पुरेसा वेळ ठेवला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही मार्चअखेरची वेळ घेतली. तेव्हा शुल्क प्रौढांना ८० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४० युरो होते. जून २०२४ पासून ते ९० आणि ४५ झाले आहे. चौदा वर्षांच्या मुलीला पूर्ण शुल्क पडले. बँकेची विवरणपत्रे, आयकराची विवरणपत्रे, कार्यालयाचे रजापत्र, मुलांच्या शाळांची बोनाफाइड प्रमाणपत्रे, सासूबाईंच्या निवृत्तिवेतनाचा पुरावा आणि त्यांचा खर्च मुलगा करणार असल्याचे त्याचे पत्र, असा एकेकाचा स्वतंत्र गठ्ठा केला. विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा लागतो. सत्तरीपुढे त्याचा हप्ता चांगलाच वाढतो, तरीही सासूबाईंचा रक्तदाब आणि गुडघा मी अर्जात लपवला नाही. तिकडे दवाखान्यात जायची वेळ आली असती तर लपवलेल्या आजारापायी दावा नाकारला गेला असता आणि तो धोका मला पत्करायचा नव्हता.

मुंबईच्या अर्ज केंद्रात आम्ही पाचही जण पहाटेच्या गाडीने गेलो. बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे मुलगा बाकावर बसून बाकीच्यांकडे पाहत होता. सासूबाईंचे ठसे यंत्राला उमटेनात. वयानुसार बोटांवरच्या रेषा झिजतात. एकदा, दोनदा, तीनदा झाले. तिथल्या मुलीने ओल्या रुमालाने त्यांची बोटे पुसली, थोडे मलम चोळले आणि त्यांचा हात आपल्या हातात धरून एकेक बोट काचेवर हलकेच दाबले. चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला. बाहेर आल्यावर सासूबाई कितीतरी वेळ आपली बोटे उलटसुलट करून पाहत होत्या.

तिकिटे मात्र अजून निव्वळ राखून ठेवली होती, पैसे भरले नव्हते, आणि त्याला कारण होते लोकसभेची निवडणूक. १९७७ पासून सासूबाईंनी एकही मतदान चुकवलेले नाही, आणि या वर्षी मतदान केल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही, असे त्यांनी जानेवारीतच सांगून ठेवले होते. आमचा मूळ बेत ६ मेला निघण्याचा होता. १६ मार्चला कार्यक्रम जाहीर झाला आणि पुण्याचे मतदान १३ मेला आले. त्याच संध्याकाळी भिंतीवरचे पान बदलून सारा बेत आठवडाभर पुढे ढकलला. व्हिसाचा अर्ज नव्या तारखांनिशीच गेला, हे बरे झाले. या बदलात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागली. आमचे विमान १५ मेच्या पहाटेचे होते, म्हणजे घरातून १४ मेच्या दुपारीच निघायला हवे होते. मध्यरात्रीनंतरच्या विमानांच्या बाबतीत तारखेचा हा घोटाळा अनेकांचा होतो, म्हणून पानावर मी १४ तारखेच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत 'दुपारी ४, गाडी' असे लिहिले.

राहण्याच्या जागा शोधण्यात सर्वांत जास्त संध्याकाळी गेल्या. हॉटेलांऐवजी स्वयंपाकघर असलेली घरे घ्यायची, हे सासूबाईंच्या जेवणामुळे ठरले होते. त्या अंडेही खात नाहीत, आणि पोर्तुगालची प्रसिद्ध पास्तेल द नाता अंड्याच्या बलकाची असते. तिथल्या हिरव्या सुपातही पुष्कळदा मांसाचा तुकडा असतो. खरी कसोटी होती लिफ्टची. जुन्या वस्त्यांतली सुंदर घरे तिसऱ्या नाहीतर चौथ्या मजल्यावर, अरुंद लाकडी जिन्याची. जाहिरातीत 'मध्यवर्ती' लिहिलेले असते, जिना लिहिलेला नसतो. मी आधीच्या पाहुण्यांच्या अभिप्रायांत 'पायऱ्या' हा शब्द शोधायला लागले आणि मगच घरे गाळता आली. लिस्बनमध्ये टेकडीवरच्या जुन्या आल्फामाची वस्ती टाळून आम्ही बाइशा भागात घर घेतले. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात हा भाग उद्ध्वस्त झाला आणि नंतर पोंबाल या मंत्र्याच्या देखरेखीखाली सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांनी पुन्हा बांधला गेला. सात टेकड्यांच्या त्या शहरात एवढा भाग सपाट सापडतो. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या नगररचनेचा उपयोग रोज सकाळ-संध्याकाळ होत होता.

रेल्वेची तिकिटे साधारण साठ दिवस आधी खुली होतात आणि लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात. पासष्टीपुढच्या प्रवाशांना आणि चार ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे भाडे असते, म्हणून सासूबाई आणि नातू यांचे मिळून एकच तिकीट झाल्यासारखे झाले. पोर्तोहून लिस्बनला सुमारे तीन तास, लिस्बनहून फारोला तितकेच, आणि तिथून लहान गाडीने तावीरा. शहरांमधले दिवस आखताना सकाळी एक ठरलेली गोष्ट, दुपारी विसावा आणि संध्याकाळ मोकळी, एवढाच आराखडा ठेवला. मे महिन्यात तिकडे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी दोन तास झोपल्याने काही हुकत नाही. सोमवारी २० मेला आम्ही बेलेंचा जेरोनिमोस मठ लिहिला होता. वास्को द गामाची समाधी तिथल्या चर्चमध्ये आहे. तो मठ सोमवारी बंद असतो, हे मुलीने एप्रिलमध्ये शोधून काढले आणि सोमवारी मत्स्यालय, मंगळवारी मठ अशी अदलाबदल तिनेच पानावर केली. त्या दिवसापासून वेळापत्रकाचे काम मी तिच्याकडे सोपवले.

व्हिसाचे पासपोर्ट एप्रिलच्या मध्यावर आले. त्यावरच्या तारखा, मुक्कामाचे दिवस आणि नावे मी उभ्या उभ्या तपासली. उरले सामान. सासूबाईंनी मेतकूट, भाजणी, आमसुले, पोह्यांचे पापड आणि तुपाची बरणी काढून ठेवली होती. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप आणि चितळ्यांचे पेढे, दोन्ही मागे ठेवावे लागले. पेढ्यांचे त्यांना काही वाटले नाही, पण तुपाची बरणी त्यांनी दोनदा हातात घेऊन खाली ठेवली. तिकडच्या दुकानातले बिनमिठाचे लोणी आणून ताविराच्या स्वयंपाकघरात त्यांनी ते कढवले, तेव्हा घराला आपल्या घराचा वास आला.

१३ मेला सकाळी सातला आम्ही तिघांनी मतदान केले आणि दुसऱ्या दिवशी निघालो. पोर्तो आणि लिस्बनचे दिवस पानावर लिहिल्याप्रमाणे पार पडले. पोर्तोच्या १८८६ च्या दों लुईश पुलावर वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते आणि तिच्या कडेने माणसे चालतात. तिथे नदीकाठी उतरण्याऐवजी सासूबाईंसह आम्ही वरूनच दोउरू नदी पाहिली.

ताविराच्या पाच दिवसांपैकी २६ मेची चौकट मी जाणूनबुजून कोरी ठेवली होती. आखणी करताना ती भरण्याचा मोह मला बऱ्याचदा झाला. सीमेपलीकडे स्पेनमधले सेव्हिया शहर एका दिवसात करून येता येईल, असे नवऱ्याचेही म्हणणे होते. त्या सकाळी कुठे जायचे, हे आम्ही सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, आदल्या दिवशी होडीकडे जाताना ती मिठागरे नुसती ओझरती दिसली, तिथे पुन्हा जाऊ या. मग डोक्यावर टोप्या घालून आम्ही पाचही जण मिठागरांच्या बांधावरून सावकाश चालत गेलो. चौकोनी वाफ्यांत पाणी साठवलेले होते आणि कडेला पांढरा थर धरू लागला होता. दूरच्या वाफ्यात आठ-दहा रोहित मान खाली घालून उभे होते. मुलाने ते मोजले आणि भिगवणपेक्षा कमी आहेत, असे आजीला सांगितले. सासूबाई बांधावरच्या एका दगडावर बसल्या, बोटाने कडेचा थर खरवडून जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, पेणच्या मिठासारखंच आहे." आम्ही तिथे अकरापर्यंत बसलो.